मागणीकडून आरोपाकडे: खान्देशातल्या प्रचारभाषेची पार्श्वभूमी

८ नोव्हेंबर २०२४ रोजी धुळ्यातल्या सभेने पंतप्रधान नरेंद्र मोदींनी विधानसभेच्या राज्यातल्या प्रचाराला सुरुवात केली आणि ‘एक हैं तो सेफ हैं’ ही घोषणा दिली. १४ तारखेला नंदुरबारच्या सभेत राहुल गांधींनी राज्यघटनेची लाल मुखपृष्ठाची प्रत उंच धरली आणि ‘हे पुस्तक कोरं आहे’ या भाजपच्या टीकेला उत्तर दिलं. आठवडाभरात खान्देशाच्या दोन मैदानांवरून देशभर गेलेले हे शब्द हिंदी होते. त्यांत कापसाचा भाव नव्हता, केळीचा पीकविमा नव्हता, तापीचं पाणीही नव्हतं. याच पट्ट्यात एके काळी एकेका मागणीची यादी पुढे ठेवून मत मागितलं जायचं. तिथून आजच्या भाषेपर्यंतचा रस्ता मोठा आहे आणि त्याला ठळक वळणं आहेत.

पहिला टप्पा जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचा. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. प्रांतिक निवडणुका दोन महिन्यांवर होत्या. अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला: सारा आणि खंड कमी करणं, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट, मोठ्या शेती उत्पन्नावर कर, वेठ बंद, कर्जाचा भार हलका करणं, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी, शेतकरी संघटनांना मान्यता. हा मजकूर यावल-रावेरच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला माणसं लागत होती. ते काम साने गुरुजींसारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून केलं. पुढे १९३८ मध्ये गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं. त्या काळी मताचा हक्क सारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटींवर मिळत असे. म्हणजे सभेला आलेल्या बहुतेकांना मतच नव्हतं, तरी भाषा त्यांच्या मागणीची होती.

नंदुरबारची गोष्ट थोडी वेगळी. १९४२ च्या आंदोलनात गोळी लागून गेलेल्या शिरीषकुमार मेहताच्या मिरवणुकीतली घोषणा गुजराती होती: ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनु’. व्यापारी पेठेत गुजराती, शेतात अहिराणी आणि गुजरी, सातपुड्यात भिलोरी, पावरी, मावची, रावेर-यावलकडे लेवा गणबोली. इथला प्रचार नेहमीच अनेक जिभांनी करावा लागला आहे.

१९५१-५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह, आणि हवी त्या पेटीत कागद टाकायचा. त्यामुळे प्रचाराचं निम्मं काम पेटी ओळखायला शिकवण्याचं होतं. चिन्ह डोक्यात बसलं नाही तर मत शेजारच्या पेटीत पडायचं. काँग्रेसची बैलजोडी कापूस-ज्वारीच्या मुलखात न शिकवता कळे. तो फायदा विरोधकांना कशानेच भरून काढता येत नव्हता, आणि तरीही १९५७ ला खान्देशात काँग्रेस हरली.

त्या निकालाकडे नीट बघायला हवं, कारण तसा निकाल इथे पुन्हा लागला नाही. पूर्व खान्देशातून, म्हणजे आजच्या जळगावकडून, लोकसभेवर गेले नौशीर भरुचा, मुंबईचे पारशी वकील, अपक्ष. धुळ्यातून निवडून आले जनसंघाचे उत्तमराव पाटील, आणि त्या लोकसभेत जनसंघाचे देशभरात फक्त चार खासदार होते. पश्चिम खान्देशच्या आदिवासी राखीव जागेवरून आले प्रजा समाजवादी पक्षाचे लक्ष्मण वेडू वळवी. तिघांत जात, पक्ष, विचार, गाव असं काहीही सारखं नव्हतं. सारखी होती ती संयुक्त महाराष्ट्राची मागणी. भरुचांना अहिराणी येते का, ते कोणाचे पाहुणे, हे प्रश्न त्या वर्षी गौण ठरले. इथे ही मागणी नुसती भावनेचीही नव्हती. डांग कुणाकडे जाणार, नवापूर-तळोद्याकडची कोणती गावं पलीकडे जाणार, हा रोजच्या बाजाराचा आणि कचेरीचा प्रश्न होता. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा डांग गुजरातेत गेला. मुंबई पुनर्रचना कायद्याने नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली काही गावंही तिकडे गेली.

राज्य मिळालं आणि मागणीची भाषा ओसरली. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. सोबत सोसायट्या, जिल्हा बँका, खरेदी-विक्री संघ, साखर कारखाने वाढले. मत मागणारा आता बहुधा कर्ज मंजूर करणारा किंवा ऊस तोडीला घेणारा असे. अशा माणसाला जाहीरनाम्याची फारशी गरज पडत नाही, ओळख पुरते. नेता भाऊ, दादा, अप्पा, आबा, नाना झाला आणि ‘आपला गावना पोऱ्या’ हे उमेदवारीचं पहिलं कारण बनलं. याला नुसतं भाबडेपण म्हणणं चूक आहे. ज्याच्या सहीवर पीककर्ज अडतं तो ओळखीचा असणं हा शेतकऱ्याचा रोकडा हिशेब होता. पण त्यातून एक गोष्ट घडली: नात्यावर मागितलेलं मत नातं मोडलं की शिवी होऊन परत येतं. मागणीवर मतभेद झाला तर वाद होतो, नात्यावर झाला तर ‘गद्दारी’ होते.

याला शहाद्याचा अपवाद. आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ ची श्रमिक संघटना यांनी जमीन, सालदाराची मजुरी, रोजगार हमीची कामं असे मोजता येणारे मुद्दे भिलोरीतून मांडले. प्रमाण मराठीतली यमकं पावरी-भिलोरीत आणली की यमक जातं आणि अर्थही पातळ होतो. ज्यांनी त्या बोलीत नव्याने गाणी-घोषणा रचल्या त्यांचंच टिकलं. आजही धडगाव-मोलगीच्या बाजारात नुसता दुभाषी घेऊन आलेला वक्ता दहा मिनिटांत गर्दी गमावतो.

अलीकडच्या तीन दशकांत आश्वासनाची म्हणून एक वेगळी भाषा तयार झाली, आणि मतदाराची सर्वांत जास्त फसगत तिच्यात होते. फसवणूक बहुधा ‘मंजूर’ या क्रियापदात असते. पाटबंधाऱ्याचं काम या पायऱ्यांनी जातं: सर्वेक्षण, तत्त्वतः मान्यता, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अर्थसंकल्पात तरतूद, भूसंपादन, निविदा, कार्यारंभ आदेश. खर्च वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे ‘सुप्रमा’, आणि ती एकाच प्रकल्पाला दोन-तीनदाही लागते. फलकावर यांतल्या प्रत्येक पायरीला ‘मंजूर’ म्हणता येतं, त्यामुळे एकच धरण चार निवडणुकांत चार वेळा मंजूर होऊ शकतं. अमळनेर तालुक्यातला पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प नव्वदच्या दशकापासून प्रचारात आहे. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाने धुळ्यातल्या कित्येक लोकसभा निवडणुका पाहिल्या. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटर आणि १८,०३६ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली. सभेत विचारायचे प्रश्न थोडेच आहेत: शासन निर्णयाचा दिनांक आणि त्यावर छापलेला संगणक संकेतांक काय, यंदा तरतूद किती, भूसंपादन किती हेक्टर झालं, कार्यारंभ आदेश निघाला का. ‘पाच वरीस कथा व्हता?’ (पाच वर्षं कुठे होता?) या प्रश्नाला वक्ता हसून निसटतो. संकेतांक विचारला की निसटणं अवघड जातं.

२०२२ ने नात्याच्या भाषेला टोकाला नेलं. जून महिन्यात जळगाव जिल्ह्यातले शिवसेनेचे चारही आमदार आणि मुक्ताईनगरचे अपक्ष आमदार असे पाचही जण बंड करणाऱ्या एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ची घोषणा झाली, आणि चोपड्यापासून पाचोऱ्यापर्यंत ती लग्नाच्या पंगतीतही ऐकू येऊ लागली. समोरून ‘बंड नव्हे, उठाव’ असं उत्तर आलं. पैसे घेऊन फुटल्याचा आरोप सिद्ध झाला नाही, पण घोषणा पसरायला पुरावा लागत नाही, ताल लागतो. तो या घोषणेत होता.

चावडीवर बोललेलं चावडीवर राहत नाही, हेही याच काळात कळलं. डिसेंबर २०२१ मध्ये बोदवड नगरपंचायतीच्या प्रचारात तत्कालीन पाणीपुरवठा मंत्र्यांनी रस्त्यांची तुलना एका अभिनेत्रीच्या गालांशी केली. चौकातल्या टाळ्यांसाठी केलेलं वाक्य फोनवरून राज्यभर गेलं. राज्य महिला आयोगाने माफीची मागणी केली आणि मंत्र्यांना ती मागावी लागली. पण फोनवरच्या शब्दाचा खरा धोका त्याआधीच दिसला होता, आणि तो निवडणुकीत नव्हता. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. राईनपाड्यानंतर ‘नुसता फॉरवर्ड केला’ हे कारण खान्देशात तरी कोणी पुढे करू नये.

२०२४ च्या लोकसभेत धुळ्याची जागा काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी ३,८३१ मतांनी जिंकली. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजप पुढे होता आणि मालेगाव मध्यमधल्या आघाडीने निकाल फिरला. याच आकड्यांचा दाखला देऊन ‘व्होट जिहाद’ हा शब्द राज्यभर वापरला गेला. एका मतदारसंघातल्या मतदारांनी कोणाला मत द्यायचं हे ठरवलं, त्याला युद्धाचं नाव देणं हे आमच्या मते या प्रवासातलं सर्वांत घातक पाऊल आहे. विरोधकांनीही आरक्षण आणि घटना जाणारच असं भय वाड्या-पाड्यांवर नेलं. दोन्ही बाजूंनी भीती हेच हत्यार होतं. नोव्हेंबरमध्ये धुळे जिल्ह्यातल्या पाचही विधानसभा जागा महायुतीने घेतल्या.

कायदा या सगळ्यात कुठे उभा आहे? लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७-क नुसार प्रचाराच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने सही केलेलं आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापन दोन प्रतींत छापखान्याला द्यायचं. छापखान्याने त्याची आणि पत्रकाची प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मतदानाच्या आदल्या रात्री दाराखाली सरकवलेली निनावी पत्रकं या कलमात अडकतात, पण ती छापली कुठे हे त्याच रात्री शोधावं लागतं.

कलम १२३(४) खोट्या आरोपाबद्दल आहे, पण ते अरुंद आहे. विधान वस्तुस्थितीचं हवं, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी, वर्तनाविषयी किंवा उमेदवारीविषयी हवं, करणाऱ्याला ते खरं वाटत नसताना केलेलं हवं आणि उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने केलेलं हवं. ‘गद्दार’ हे मत ठरतं. ‘अमुक दिवशी इतके पैसे घेतले’ हे विधान ठरतं. मुरलेले वक्ते म्हणूनच आकडा टाळतात आणि यमक वापरतात.

तक्रारी बहुतेक वेळा पुराव्याअभावी पडतात. लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेत ‘सी-व्हिजिल’ ॲपवर छायाचित्र किंवा दोन मिनिटांपर्यंतची चित्रफीत जागेवरच घ्यावी लागते. गॅलरीतली जुनी चालत नाही, आणि पाठवायला पाच मिनिटं मिळतात. शंभर मिनिटांत निपटारा अपेक्षित असतो. निवडणूक याचिका मात्र निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात जाते आणि तिथे ध्वनिमुद्रणाला प्रमाणपत्र लागतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली. सर्वोच्च न्यायालयातल्या २०१४ च्या अन्वर प्रकरणात प्रचाराच्या सीडी असं प्रमाणपत्र नसल्याने बाद झाल्या, आणि जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात २०२० ला तोच नियम पक्का झाला. अहिराणी सभेच्या बाबतीत आणखी एक काम वाढतं. ज्या फोनवर मुद्रण झालं तो जपून ठेवायचा, ती फीत कोणाकडून आली हे लिहून ठेवायचं, भाषण आधी जसंच्या तसं अहिराणीत उतरवायचं, मगच मराठी आणि इंग्रजी भाषांतर करायचं. सरळ इंग्रजीत उतरवलं की टोमणा साधं वाक्य होऊन जातो, आणि ज्या शब्दावर सगळी सभा पेटली होती तो कागदावर सापडतच नाही.