पार्श्वभूमी: गाडी एकीची, इंजिन दुसरीचे

म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या जुन्या गॅरेजमध्ये ‘इंजिन बदललेली गाडी’ म्हटले की वयस्क मेस्त्रीला स्पोर्ट्स कार आठवत नाही. त्याला आठवते मॅटाडोरचे इंजिन घातलेली मर्सिडीज, नाहीतर जीप. हल्लीची मुले मात्र दोन दारांच्या छोट्या गाडीत मोठे टर्बो इंजिन बसवायचे म्हणून विचारायला येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, “इंजिन केवढ्याला पडेल?” खरे पैसे जातात ते इंजिनाच्या आजूबाजूला. हे आज कळलेले नाही. साठ वर्षांपूर्वी मोठमोठ्या कारखान्यांनाही याच कारणाने घाम फुटला होता.

आधी गोव्याचे. १९५० च्या दशकात भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक कोंडी केली, तरी मुरगाव बंदरातून लोहखनिज जपान आणि पश्चिम जर्मनीकडे जातच राहिले. त्या पैशावर आयात मालाची चैन झाली. सीमेपलीकडे परदेशी गाडीसाठी लायसनची विनवणी करावी लागे, तेव्हा इथल्या रस्त्यांवर मर्सिडीज दिसत होत्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयात नियम इथेही आले. पत्रा मजबूत, पण पिस्टन रिंग मिळेना, अशी या गाड्यांची गत झाली. पुढे १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. डिझेलचे दर मात्र सरकारने अनेक वर्षे, थेट ऑक्टोबर २०१४ पर्यंत, हातात धरून ठेवले. मग पेट्रोल इंजिन काढून डिझेल घालणे हा सरळ हिशेब होता. मॅटाडोर व्हॅन बनवणारी बजाज टेम्पो मर्सिडीजच्या परवान्यावर ओएम ६१६ हे डिझेल इंजिन बनवत असे. मर्सिडीजच्या २४० डी मध्ये हेच इंजिन असायचे, म्हणजे एका अर्थी घरचेच माणूस घरी आले. तरी किंमत मोजावी लागलीच: इंजिन जड, थरथर जास्त, माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे आधार) तुटायची. डिझेल कमी आरपीएमवर (मिनिटाला कमी फेऱ्यांवर) चालते आणि मागचा डिफरेन्शियल (चाकांना जोर पोचवणारा गिअरसंच) पेट्रोलच्या हिशेबाचा, त्यामुळे गाडी ओढायला दमदार पण वेगाला गरीब. टॅक्सीला ते चालून जाई. स्पोर्ट्स कारला कसे चालावे?

स्पोर्ट्स कारमधली अदलाबदल उलट दिशेने, ताकदीसाठी झाली. सर्वांत गाजलेले उदाहरण १९६२ चे. अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने एसी या ब्रिटिश कंपनीच्या ‘एस’ या हलक्या गाडीत फोर्डचे व्ही८ (आठ सिलिंडरचे) इंजिन बसवून घेतले आणि कोब्रा जन्मली. जिथे दोन लिटरचे ब्रिस्टल इंजिन होते तिथे ४.२ लिटरचे आले. पण व्ही८ रुंद, म्हणून स्टिअरिंग बॉक्स बाहेरच्या बाजूला सरकवावा लागला. जुना डिफरेन्शियल एवढा जोर झेलणार नाही, म्हणून तोही बदलून मजबूत घातला. एका इंजिनापायी गाडीचा पुढचा आणि मागचा, दोन्ही भाग उघडावे लागले.

दोन वर्षांनी सनबीम टायगर आली. अल्पाइन या छोट्या गाडीत तेच फोर्ड व्ही८ कसेबसे कोंबले होते. बॉनेटखाली बोट घालायला जागा नाही, आणि गाडी तापते ही तक्रार तिच्या मालकांना कायमची चिकटली. डिसेंबरात कळंगुटच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलेल्या किंवा चोर्ला घाट चढणाऱ्या गाडीचा विचार केला तर रेडिएटरचा खर्च यादीत सर्वांत वर का हवा ते उमगते. टायगरचा शेवट तर गंमतीशीर आहे. सनबीम बनवणारी कंपनी क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेली. प्रतिस्पर्धी फोर्डचे इंजिन किती दिवस विकणार? क्रायस्लरचे स्वतःचे व्ही८ हाताशी होते, पण त्याचा डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज वाटणारा भाग) मागच्या बाजूला, आणि तिथे जागाच नव्हती. गाडी बंद केली.

सगळेच असे फसले नाहीत. १९७३ च्या एमजीबी जीटी व्ही८ मध्ये रोव्हरचे ३.५ लिटरचे ॲल्युमिनियम इंजिन होते. ते मूळच्या १.८ लिटरच्या बिडाच्या इंजिनाहून फारसे जड नव्हते, त्यामुळे गाडीचा तोल बिघडला नाही. माझ्या मते इंजिन निवडताना अश्वशक्तीआधी वजन विचारावे ते यासाठीच.

तेव्हा झगडा लोखंडाशी होता. आता त्यात तारांची भर पडली आहे. नव्या इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) चावीतली चिप, एबीएस, गिअरबॉक्स, मीटर या सगळ्यांशी बोलतो. ओळखीचे उत्तर आले नाही की इंजिन सुरूच होत नाही, किंवा अर्ध्या ताकदीवर चालते. मग स्वतंत्र ईसीयू, नवी वायरिंग, ट्यूनिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळवणारी ॲडॉप्टर प्लेट, क्लच, प्रॉपेलर शाफ्ट, सायलेन्सर, ब्रेक हे आहेच. लेथवाल्याचे बिल वेगळे, आणि काम अर्धवट राहिलेली गाडी पावसाळ्यात खाऱ्या हवेत गंजते ते आणखी वेगळे.

कागदपत्रांची बाजू जुन्या मेस्त्र्यांच्या काळापेक्षा कितीतरी कडक झाली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आरसीवरचा तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही अशा बदलाला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघात झाला तर विमा कंपनी इंजिन नंबर पाहणारच.

जुन्या गोव्यातल्या गाड्यांना याची दुसरी झळ बसते. २०२१ च्या व्हिंटेज नियमांप्रमाणे ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये भरून. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. डिझेल घालून वाचवलेली मर्सिडीज इथे अडते. मूळ पेट्रोल इंजिन तर केव्हाच भंगारात गेलेले.

कायद्याने एक वाट उघडी ठेवली आहे: मान्यताप्राप्त किट लावून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर जाणे. इलेक्ट्रिक किटची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत होते. अडचण पुन्हा तीच, जागेची आणि वजनाची. दोन सीटच्या गाडीत एवढ्या बॅटऱ्या ठेवायच्या कुठे, हे किटवाल्याला आधी विचारावे.