मैत्रिणीसाठी रेनेसान्स पोशाख शिवताय? कात्री लावण्याआधी हे वाचा

दुकानात येणारी मंडळी बहुधा मोबाइलवर एक फोटो दाखवतात. पुढे काळ्या नाड्यांच्या फुल्या, खांद्यावरून घसरलेल्या बाह्या, चमचमणारं साटन. "मैत्रिणीला एकांकिकेत घालायचंय, मीच शिवणार आहे." तो फोटो फॅन्सी ड्रेसचा असतो. तसलाच हवा असेल तर आमच्या ड्रेपरीतून भाड्याने न्या, स्वस्त पडेल. पण स्वतः शिवायला बसणारच असाल तर खऱ्यासारखा शिवा. तो वाटतो तेवढा अवघड नाही, फक्त आतून बाहेर शिवत जावा लागतो.

रेनेसान्स, म्हणजे युरोपातला प्रबोधनकाळ, म्हटलं की दोन-तीनशे वर्षं आणि अर्धा युरोप आला. आम्ही बेतून देतो तो पोशाख एकाच गावचा, इटलीतल्या फ्लोरेन्सचा, साधारण १४८० ते १४९० मधला. कारण त्याची चित्रं भरपूर आहेत. तिथल्या गिरलांडायो या चित्रकाराने सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये तोर्नाबुओनी घराण्याच्या चॅपेलच्या (छोट्या प्रार्थनागृहाच्या) भिंती १४८५ ते १४९० या काळात रंगवल्या. प्रसंग धर्मग्रंथातले, पण त्यांत उभ्या असलेल्या बायका फ्लोरेन्सच्या, ठेवणीतले कपडे घालून आलेल्या. त्याच घराण्याच्या सुनेचं, जोव्हान्नाचं, त्याने केलेलं चित्र माद्रिदच्या थिसेन संग्रहालयात आहे. चित्रातच १४८८ साल लिहिलेलं आहे. त्याची प्रिंट आमच्या काउंटरमागे लावली आहे, ती आधी पाच मिनिटं बघा. बाहीच्या फटींतून पांढरं कापड फुगून बाहेर आलंय, ते नक्षी म्हणून वेगळं लावलेलं नाही. तो आतला सदरा आहे.

आधी सदरा

या सदऱ्याला तिकडे 'कामीचा' म्हणतात. आपल्या 'कमीज'चा हा लांबचा नातलग. सगळे तुकडे चौकोनी असतात, काखेत एक छोटा चौकोन आणि गळ्याला बारीक चुण्या. झबलं शिवलेल्या माणसाला हा जमतोच. चव्वेचाळीस इंची पन्ह्याची मलमल किंवा पातळ लिनन चार मीटर घ्या आणि कापण्याआधी धुऊन वाळवा. मलमल आटते, आणि शिवून झाल्यावर आटली तर आधी गळा लहान होतो. बाह्या गरजेपेक्षा रुंद ठेवा, नाहीतर फटींतून ओढून काढायला कापडच उरत नाही. पॉलिस्टर नको. ते फुगत नाही, चिकटतं, आणि स्टेजच्या दिव्यांखाली मैत्रीण उकडून निघते.

मग अंगातला झगा

याचं नाव 'गामुर्रा'. वरचं अंग घट्ट, कंबर आपल्या खऱ्या कमरेपेक्षा किंचित वर, आणि खाली प्लेट्स घालून जोडलेला जमिनीपर्यंतचा घेर. सगळ्यात जास्त उसवाउसवी इथेच होते. सवयीने आपण छातीला टक्स घालतो किंवा प्रिन्सेस कट काढतो. इथे दोन्ही नकोत. अंगाचा आकार पुढच्या आणि बाजूच्या शिवणीलाच गोलाई देऊन काढायचा. आत जाड ड्रिलचं अस्तर द्या, तेवढ्यावर पुढचा भाग सपाट बसतो. कोर्सेट लागत नाही, तो या काळातला नव्हेच.

मापासाठी मैत्रिणीचा ब्लाउज गुपचूप उचलून आणू नका. दर महिन्याला कोणीतरी आणतंच! ब्लाउज छातीखाली संपतो आणि आम्हाला कमरेपर्यंतचं अंग हवं असतं. सरप्राइजचा मोह सोडा आणि तिला समोर उभी करा. तो सदरा किंवा तेवढ्याच जाडीचं काही अंगात असताना छाती, छातीखाली, कंबर, खांदा, मुंढा (बाही लागते तो काखेभोवतीचा घेर) आणि मनगट मोजा. बाहीची लांबी कोपर वाकवून घ्या. उंची कमरेपासून जमिनीपर्यंत, जी पादत्राणं घालणार आहे ती घालूनच.

या मापांवरून आम्ही वरचं अंग मांजरपाटात कापून देतो. ते घरी कच्च्या धावदोऱ्याने जोडा, तिच्या अंगावर उलटं चढवा, टाचण्या लावा आणि पेन्सिलने खुणा करा. मैत्रिणीला हात वर करायला सांगा, खाली बसायला सांगा. शिवणीबाहेर माया (जादा कापड) दीड इंच सोडलेली असते, ती घाईने छाटू नका.

नाडीची गोष्ट

झगा पुढून नाडीने आवळायचा. धातूचे आयलेट ठोकू नका, ते एकोणिसाव्या शतकातले. दाभण घ्या, कापडाचे धागे तोडण्याऐवजी बाजूला सारत भोक रुंद करा आणि कडेने काजाचा टाका घाला. पहिली दोन भोकं वेडीवाकडी होतील. ती तळाशी घ्या, तिथे कोणी बघत नाही. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची जोडी समोरासमोर ठेवा. मधली भोकं मात्र एका बाजूची दुसरीच्या दोन भोकांच्या मध्ये यायला हवीत. नाडी एकच आणि तिच्या एका टोकाला गाठ. खालून सुरू करून गोल गोल वर चढवत न्या, फुल्या करू नका. दिसतंही बरोबर आणि एक टोक ओढलं की सगळं आवळतं. शिवाय तालमीच्या महिन्यात मैत्रिणीचं वजन थोडं इकडेतिकडे झालं तरी नाडी सांभाळून घेते. चेनने हे झालं नसतं.

बाह्या झग्याला शिवूच नका. त्या मुंढ्याशी नाड्यांनी बांधायच्या असतात, मधल्या मोकळ्या जागेतून सदरा दिसतो. उरलेल्या कापडातून दुसऱ्या रंगाची एक जोडी शिवून ठेवा, दुसऱ्या प्रवेशाला पोशाख नवा. त्या बायकाही झग्याहून वेगळ्या रंगाच्या बाह्या वापरतच होत्या.

वरचा साज आणि रंग

जोव्हान्नाच्या अंगावर झग्यावरून सोनेरी, बाजूंनी उघडी 'जोर्नेआ' आहे. तिला साडेतीन मीटर ब्रोकेड लागतं आणि शिवायला एक दुपार पुरते. पैसे कमी असतील तर हीच गाळा, सदरा गाळू नका. झग्याला साडेपाच मीटर कापड धरा, बाह्यांचं वेगळं दीड मीटर. मूळ झगे लोकरीचे किंवा रेशमाचे असत. आपल्या हवेत जाड सुती कापडच बरं. रंग विचाराल तर किरमिजी. किरमिज नावाच्या किड्यापासून हा लाल रंग काढत आणि तो तिकडेही श्रीमंतीचा मानला जाई.

मखमल घेणार असाल तर लव, म्हणजे कापडावरचे बारीक तंतू, कुठल्या दिशेला झुकते ते बघा. मागे आमच्याच टेबलावर घेराचा एक तुकडा उलट्या लवेचा कापला गेला. दुकानात कोणाच्या लक्षात आलं नाही. स्टेजवर दिवे लागले आणि घेरात एक पट्टा गडद, बाकीचे फिके. तेव्हापासून मखमलीच्या प्रत्येक तुकड्यामागे खडूने बाण काढतो. तुम्हीही काढा.

मित्रासाठी शिवत असाल तर काम निम्मं. अंगाबरोबर बसणारं आखूड जाकीट, खाली त्यालाच नाड्यांनी बांधलेले पायघोळ मोजे. मोज्यांऐवजी जाड लेगिंग्ज चालून जातात. जाकीट आम्ही कापून देऊ.

लांब शिवणींना खुशाल मशीनची टीप मारा, दिसणाऱ्या कडा हाताने तुरपा. प्रयोगाच्या निदान तीन आठवडे आधी या. आणि खुणा केलेला मांजरपाट परत आणायला विसरू नका. खरं कापड आम्ही त्यावरूनच कापतो, आणि धुतला असेल तर पेन्सिल गेलेली असते.