काडीपैलवानाची ढेरी

गेली पंधरा वर्षं माझं वजन 64 किलोच्या आसपास आहे. उंची 170 सेंटिमीटर. वजन-उंचीच्या कुठल्याही तक्त्यावर बोट फिरवा, मी 'नॉर्मल'च्या रकान्यात सापडतो. लग्नातली पँट मात्र मला होत नाही. दंड आणि मांड्या तेव्हापेक्षा बारीक झाल्यात आणि शर्ट खोचला की पट्ट्यावर भाकरीएवढा गोल पुढे येतो. मागच्या दिवाळीत शिंप्याने पोटावरून टेप फिरवली, वहीत 92 सेंटिमीटर लिहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "थोडं लूज ठेवतो."

काडीपैलवान हा शब्द आपण चिडवायला वापरतो. पण काडीपैलवानालाही ढेरी असते आणि त्यावर जगभर संशोधन होतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. त्यातलं बरंचसं पुण्यातून सुरू झालं.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण आलं. सोबत दोन डॉक्टरांचा फोटो होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. पण क्ष-किरणांच्या यंत्रातून शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांची 21.2. म्हणजे दुपटीहून जास्त. लेखकांनी कारणंही मिश्कीलपणे दिली होती: युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ते गाठणं. मग एक गंभीर वाक्य होतं. याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं, तेही कारण असू शकेल.

या शेवटच्या वाक्यामागे बरंच काम होतं. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालू होता. पूर्ण दिवसांच्या त्या बाळांचं सरासरी वजन भरलं 2.7 किलो. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं होतं 3.5 किलो. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण सारख्या प्रमाणात नाही. पोट आणि दंड खूपच लहान, मात्र खांद्याच्या हाडाखालची चिमूट धरून मोजलेली चरबी जवळजवळ त्यांच्या तोडीची. आईच्या पोटात रसद अपुरी पडली तेव्हा शरीराने काटकसर केली ती स्नायूंवर, चरबीची शिल्लक मात्र राखून ठेवली.

हे एकदा समजलं की जिममधला अर्धा उपदेश आपल्यासाठी नाही हेही समजतं. "आधी बल्क, मग कट" म्हणजे आधी भरपूर खाऊन वजन वाढवा, मग चरबी उतरवा, हा हिशेब ज्यांच्या अंगावर मुळात स्नायू बरे आहेत त्यांचा. आपला बल्क थेट पट्ट्यावर जमा होतो. उलट टोकाचा सल्ला घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळतो: भात बंद, रात्री फक्त सूप, सकाळी तासभर चाला. वजन उतरतं, नाही असं नाही. पण नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं तर उतरलेल्यातला साधारण पाव हिस्सा चरबीखेरीजचा असतो आणि त्यात स्नायूही जातात. ज्याच्याकडे मुळातच कमी, त्याचंच आणखी कापायचं. वजनकाट्याला हे कळत नाही. रेल्वे स्टेशनवरच्या जुन्या यंत्रातून तिकीट यायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. दोन्ही बाजू मला आता सारख्याच भरवशाच्या वाटतात.

मग चरबी घटवत स्नायू वाढवता येतात का? बरीच वर्षं उत्तर 'नाही' असं दिलं जाई, कारण बांधकामाला ऊर्जा लागते आणि उपाशी माणसाकडे ती कुठून येणार? पण पोटावरची चरबी हीच तर साठवलेली ऊर्जा. एक किलो चरबीच्या पेशींमध्ये सात हजारांवर कॅलरी असतात. मजुरी भागवायला एवढं पुष्कळ. अडतं ते विटांवाचून. प्रथिनात नायट्रोजन असतो, चरबीत तो नसतोच, त्यामुळे शरीर कितीही हुशार असलं तरी चरबीचं प्रथिन करू शकत नाही. विटा बाहेरून, म्हणजे ताटातून याव्या लागतात.

कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने 2016 मध्ये नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. वजनदार अंगाचे 40 तरुण घेतले, चार आठवडे त्यांचं खाणं गरजेपेक्षा 40 टक्के कमी केलं आणि आठवड्यातून सहा दिवस वजनं आणि दमछाक करणारे व्यायाम करून घेतले. निम्म्यांना शरीराच्या दर किलोमागे 1.2 ग्रॅम प्रथिनं, निम्म्यांना 2.4 ग्रॅम. पहिल्या गटाची साडेतीन किलो चरबी गेली आणि स्नायू जिथल्या तिथे राहिले. दुसऱ्याची 4.8 किलो चरबी गेली आणि चरबीखेरीजचं वजन 1.2 किलोंनी वाढलं, तेही अर्धपोटी. पोरं तरुण होती, देखरेख कडक होती. चाळिशीच्या माणसाने हे असंच्या असं करू नये. मी तीनशे-चारशे कॅलरींच्या वर कात्री लावली नाही.

विटा आल्या, मजुरी आहे, पण बांधा असा हुकूम कुणीतरी द्यायला हवा. तो हुकूम म्हणजे ताण. स्नायूच्या तंतूवर नेहमीपेक्षा जास्त ओढ आली की पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रणा दिवसभर, कधी दीड दिवस जागी राहते. तंतूंची संख्या जवळपास तेवढीच राहते, ते जाड होतात. तंतूंच्या कडेला चिकटून बसलेल्या राखीव पेशी असतात, अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञाने त्या 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत पाहिल्या. गरज पडली की त्या तंतूत मिसळून आपलं केंद्रक त्याला देतात.

वजन हलकं की जड, यावर जिममध्ये हमरीतुमरी होते. प्रयोगांत दिसलं ते असं: सेटच्या, म्हणजे न थांबता एका दमात केलेल्या उचलींच्या, शेवटी "आता आणखी एक-दोनच निघतील" अशी अवस्था येत असेल, तर हलक्या वजनानेही स्नायू जवळपास तेवढाच वाढतो, फक्त वेळ जास्त लागतो. म्हणून तालमीतले जोर-बैठका चालतात, पण एका मर्यादेपर्यंत. दोनशे बैठका सहज निघायला लागल्या की पुढे वाढतो तो दमसास, मांडी नाही. पाठीवर पोरगं बसवून जोर मारायची युक्ती त्यावरचाच इलाज होता. आणि तालमीचा विषय निघालाच आहे तर सांगतो: 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव 57 किलोच्या गटात खेळले होते. माझ्यापेक्षा सात किलोंनी हलक्या गटात! पैलवान म्हटलं की डोळ्यांपुढे फक्त हिंदकेसरीचा देह आणायची गरज नाही.

आता ताटाकडे. जोर काढणाऱ्याला प्रथिनं किती लागतात यावर 49 प्रयोग एकत्र करून 2018 मध्ये जो आढावा आला, त्यात दर किलोमागे रोज 1.6 ग्रॅमच्या पुढे फारसा फायदा दिसला नाही. माझ्यासाठी 102 ग्रॅम. मी आठवडाभर स्वयंपाकघरातला छोटा काटा घेऊन बसलो (घरच्यांनी हे सहन केलं, याची नोंद व्हावी). शेंगदाणे घातलेले पोहे, 6 ग्रॅम. दुपारच्या तीन पोळ्या 10. आमटी घट्ट असेल तर वाटीला 5-6, पण आमची आमटी अशी की वाटीचा तळ दिसतो, तिचे 3. भाजी, भात, दही, तीन चहांतलं दूध, रात्री पुन्हा तेच. बेरीज 50 च्या आसपास. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने सर्वसाधारण प्रौढासाठी किलोमागे 0.83 ग्रॅमची शिफारस केली आहे, माझ्यासाठी 53. म्हणजे आमचं ताट जगायला जेमतेम पुरतं, स्नायू बांधायला पुरत नाही. आणि उपासाच्या दिवशी साबुदाणा! त्यात प्रथिन जवळपास शून्य, जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं.

उरलेले 52 ग्रॅम आणायचे, तेही ढेरी न वाढवता. इथे आपल्या लाडक्या समजुती आडव्या येतात. रात्री भिजवलेल्या पाच बदामांत प्रथिन असतं सव्वा ग्रॅम. शेंगदाण्यात ते भरपूर आहे, पण तेल त्याहून दुप्पट. शंभर कॅलरींचे दाणे खाल्ले तर प्रथिन मिळतं साडेचार ग्रॅम. शंभर कॅलरींच्या पनीरमध्ये साडेसहा, तेवढ्याच तूरडाळीत सात, अंड्यात साडेआठ, सोयाबीनच्या वड्यांत पंधरा, कोंबडीच्या छातीच्या मांसात एकोणीस, कोलंबीत वीसच्या वर. कोकणातल्या माणसाने हसायला हरकत नाही, फक्त रवा लावून तेलात सोडण्याआधी थांबावं.

माझा मार्ग शाकाहाराकडे झुकलेला: दोन अंडी 12, पन्नास ग्रॅम सोयावड्या 26 आणि साय काढलेल्या अर्धा लिटर दुधाच्या दह्याचा चक्का, साखर न घालता, 13-14. सोयावडी गरम पाण्यात भिजवून दोन-तीनदा पिळली नाही तर तिचा उग्र वास भाजीभर पसरतो, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो.

चक्का टांगल्यावर फडक्यातून जे पिवळट पाणी ठिबकतं, ती व्हे. होय, जिममध्ये हजारो रुपयांच्या डब्यातून विकतात तीच. दुधातल्या प्रथिनांपैकी 80 टक्के केसिन, ते चक्क्यात राहतं, आणि 20 टक्के व्हे. आमच्याकडे ते पाणी कणीक मळायला जातं. चीजच्या कारखान्यांना एके काळी ते कुठे टाकावं कळत नसे, डुकरांना घालत नाहीतर नदीत सोडत. मग गाळण्यांतून घट्ट करून त्याची पूड करण्याचं तंत्र आलं आणि सांडपाण्याचं सोनं झालं. ती पूड वाईट नाही. 25 ग्रॅम प्रथिन जेमतेम सव्वाशे कॅलरींत मिळतं आणि पचायलाही बरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत लोकांना प्रोटीन पावडरी टाळायला सांगितलं. त्यांचा रोख डब्यातली साखर, कृत्रिम गोडवा आणि स्वादांवर होता. त्याच वर्षी केरळमधल्या डॉक्टरांनी बाजारातले 36 डबे तपासल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ 70 टक्के डब्यांवरचा प्रथिनाचा आकडा चुकीचा निघाला. यामागची चलाखी कधी कधी रसायनशास्त्रातली असते. नेहमीच्या चाचणीत प्रथिन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात. मग ग्लायसिनसारखं स्वस्त अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक सुटा घटक, मिसळा, नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रथिन वाढतं, स्नायूला काही मिळत नाही. 'मास गेनर' नावाचे अगडबंब डबे तर बहुतांशी गोड पीठच, त्यांची जागा काडीपैलवानाच्या ढेरीत. बीसीएए (तीन सुट्या अमिनो आम्लांची पूड), फॅट बर्नर वगैरेंवर मी एक रुपयाही घालवणार नाही.

क्रिएटिनचं तसं नाही. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1832 मध्ये ते मांसातून वेगळं काढलं. जोरात उचलताना पहिल्या काही सेकंदांत स्नायूतलं इंधन संपतं, ते झटपट पुन्हा भरून देणं हे त्याचं काम. मांस-मासळीतून ते मिळतं, म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूत साठा कमी असतो आणि फरक जास्त जाणवतो. रोज 3 ते 5 ग्रॅम, मोनोहायड्रेट नावाचा साधा प्रकार. पहिल्या महिन्यात वजन किलोभर वाढलं तर घाबरू नये, स्नायूत पाणी धरलं जातं.

माझी घाबरगुंडी दुसऱ्या कारणाने उडाली. वार्षिक तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, 1.4 आलं, शेजारी लाल बाण. लॅबमधून फोन करणाऱ्या मुलीने "किडनीचे डॉक्टर लगेच गाठा" असं सांगून माझी झोप उडवली. क्रिएटिन वापरलं गेलं की त्याचं क्रिएटिनिन होतं. पूड खाणाऱ्याच्या रक्तात ते थोडं जास्त दिसणं स्वाभाविक आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सिस्टॅटिन-सी नावाची मूत्रपिंडाचीच दुसरी चाचणी लिहून दिली, ती व्यवस्थित आली. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल, तर मात्र प्रथिनं आणि पूड दोन्हींचा निर्णय डॉक्टरांचाच.

झोपेवरून आठवलं. शिकागोतल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा जणांना दोन आठवडे सारखंच कमी खायला दिलं, एकदा साडेआठ तास अंथरुणात, एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा साधारण तितकंच उतरलं. पण कमी झोपेच्या फेरीत चरबी 1.4 ऐवजी 0.6 किलोच गेली आणि उरलेलं वजन स्नायू वगैरे ऐवजातून गेलं. रात्री दीडपर्यंत मालिका बघून पहाटे साडेपाचला जिमला जाणारे माझे दोन मित्र आहेत. त्यांना हा परिच्छेद मी पाठवणार आहे.

नऊ महिने झाले. आठवड्यातून तीन दिवस तासभर. बैठका, ओढणं, ढकलणं, दर पंधरवड्याला थोडं वजन किंवा दोन उचली जास्त. काट्यावर 65. पूर्वीपेक्षा एक किलो जास्त, म्हणजे ग्रुपच्या हिशेबाने मी नापास. कंबर 86, भारतीय पुरुषाला धोक्याची रेषा 90 ला आहे. परवा नवा शर्ट शिवायला टाकला. शिंप्याने जुनी वही उघडली, टेप फिरवली, 92 वर काट मारली आणि टेप पुन्हा खांद्यावरून ओढून पाहिली. "जुनं माप चालणार नाही," तो म्हणाला. "खांद्यात अर्धा इंच सोडावं लागेल."