आजारी लेपर्ड गेको पिल्लाची शुश्रूषा

लेपर्ड गेको ही अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखात जमिनीवर वावरणारी निशाचर पाल. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिचे वर्णन केले. शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. घरातल्या पालीसारख्या चिकट गाद्या तिच्या बोटांना नसतात, त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही. उलट बहुतेक पालींना नसलेल्या उघडझाप करणाऱ्या पापण्या तिला असतात. अमेरिका व युरोपात ती अनेक दशके हौसेने पाळली जाते आणि तिथे विकली जाणारी पिल्ले बहुधा बंदिवासातच जन्मलेली असतात.

अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम ३ ग्रॅमचे असते. अंगावर काळे-पिवळे आडवे पट्टे असतात, ठिपके पुढे वयाबरोबर उमटतात. ही पाल शेपटीत चरबी साठवते. धडधाकट मोठी पाल त्या साठ्यावर कित्येक दिवस उपाशी तग धरते. पिल्लाजवळ मात्र साठा नसल्यातच जमा. म्हणून मोठ्या पालीचे ‘थोडे दिवस वाट पाहू’ पिल्लाला लागू करू नये. एकच अपवाद: नुकते जन्मलेले पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण ३ ते ४ दिवस, पोटातल्या बलकावर राहते आणि काही खात नाही. तो आजार नव्हे.

आजार ओळखायला डोळ्यांपेक्षा वजनकाटा भरवशाचा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर प्लॅस्टिकची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा, पिल्लू वाटीत सोडावे आणि आकडा तारखेसह वहीत लिहावा. लागोपाठ दोन-तीन नोंदी उतरत्या दिसल्या की काहीतरी बिघडले आहे. शेपटीचे बूड बारीक होणे, डोळे खोल जाणे, चालताना पोट जमिनीला घासणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, पातळ व दुर्गंधीयुक्त विष्ठा ही इतर लक्षणे. यातली बहुतेक दुखणी पिंजऱ्याच्या मांडणीतून येतात, त्यामुळे औषधाआधी पिंजरा तपासावा.

पहिले काम उबाऱ्याचे. पाल स्वतः शरीर तापवू शकत नाही. बाहेरची ऊब कमी पडली की तिचे पचन थांबते आणि रोगाशी लढण्याची ताकदही मंदावते. पिंजऱ्याच्या एका टोकाला जमिनीचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश असावे, म्हणजे पिल्लू आपल्या गरजेनुसार जागा बदलते. हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नये, पोट भाजते. वाळू काढून साधा टिश्यू पेपर अंथरावा: वाळू पोटात जाऊन आतडे तुंबत नाही आणि विष्ठाही नीट दिसते. ‘कॅल्शियमयुक्त’ म्हणून विकली जाणारी वाळू तर अधिक घातक, कारण ती चाटायला पिल्लू आपणहून जाते. सोबत दुसरे पिल्लू असेल तर लगेच वेगळे करावे. दुबळ्याचा घास बळकट पळवतो, शेपटीचा लचकाही तोडतो.

दुसरे काम पाण्याचे. नाकपुड्या टाळून तोंडाच्या कडेला ड्रॉपरने थेंब लावला की पिल्लू तो चाटते. उथळ, कोमट पाण्यात नजरेसमोर १० ते १५ मिनिटे बसवल्याने कोंडलेली विष्ठाही कधीकधी सुटते. अन्नाचा क्रम यानंतरचा. थंड पडलेल्या, पाणी कमी झालेल्या पिल्लाचा जबडा उघडून किडा कोंबणे ही मायेपोटी होणारी सर्वांत मोठी चूक: अन्न पोटात तसेच कुजते, आणि कोवळा जबडा मोडतो तो वेगळाच. पातळ पोषक खाद्य द्यावे लागलेच तर ते पशुवैद्याने प्रमाण सांगितल्यावर, चाटवूनच. रातकिडे दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नसावेत. बागेतले किडे टाळावेत, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते. काजवे तर कधीच देऊ नयेत, त्यांच्यातल्या विषाने अमेरिकेत पाळीव सरडे दगावले आहेत.

वाढत्या पिल्लांत हाडे मऊ होण्याचा विकार वारंवार दिसतो. रातकिड्यांत कॅल्शियम कमी व फॉस्फरस फार असतो. कॅल्शियमची भुकटी न लावता तेच खाऊ घातले किंवा ड-३ जीवनसत्त्व मिळाले नाही, की शरीर रक्तातली तूट हाडांतून भरून काढते. मग जबडा रबरासारखा लवतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात. वेळीच उपचार झाले तर पिल्लू वाचते, वाकलेले हाड मात्र सरळ होत नाही.

अडकलेली कात किरकोळ वाटते, पण बोटाभोवती राहिलेले तिचे कोरडे कडे दोऱ्यासारखे आवळत जाते आणि रक्तपुरवठा तुटून बोट गळते. झाकणाच्या डबीला भोक पाडून आत ओला टिश्यू ठेवला की ओलसर बीळ तयार होते. तिथे कात मऊ पडते, मग ओल्या कापसाच्या काडीने ती हलकेच सोडवावी. कोरडी ओढू नये.

खाऊनही शेपटी काडीसारखी होत गेली तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची शंका घ्यावी. त्यावर खात्रीचे औषध नाही, त्याची बीजे नेहमीच्या ब्लीचने मरत नाहीत आणि एका पिल्लाकडून ती साऱ्या पाळीव पालींत पसरतात. म्हणून भांडी, चिमटे वेगळे ठेवावेत, आजाऱ्याची साफसफाई शेवटी करावी आणि ताजी विष्ठा तपासायला न्यावी. कुत्र्या-मांजरांचे जंतांचे औषध अंदाजाने देऊ नये. ३ ग्रॅमच्या जिवाला एक थेंबही जास्त होऊ शकतो. पालींच्या विष्ठेत साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू असू शकतो, तेव्हा हात साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना दूर ठेवावे.

याच वंशातली युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस ही जाती २०१४ मध्ये सातपुड्यातून नोंदवली गेली. ती मध्य प्रदेश व महाराष्ट्रात आढळते. या पालींना विषारी समजून मारले जाते, पण त्यांना विष नसते. अशी जखमी पाल सापडली तर वरचे उपाय घरी करत बसू नये. हवेशीर खोक्यात, सावलीत ठेवून वनविभागाला कळवावे.