बिनफुफ्फुसाचा बेडूक: एक १६ वर्षांचा घोळ

बेडूक कातडीनेपण श्वास घेतो हे शाळेत सगळ्यांनी घोकलंय, ते परत सांगत नाही. पण निव्वळ कातडीवर भागवणारा, फुफ्फुसंच नसलेला बेडूक असतो का? सॅलॅमँडरमध्ये (पालीसारखा दिसणारा, पण बेडकासारखाच उभयचर) असे प्राणी आहेत हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच कळलेलं, त्यांचं एक अख्खं कुळ, ४०० च्या वर जाती, फुफ्फुसाशिवाय मजेत जगतंय. मग १९९५ ला दक्षिण अमेरिकेतल्या एका देवगांडुळाचंही तसंच निघालं (देवगांडूळ म्हणजे कोकणात पावसाळ्यात लोक गांडूळ नाहीतर साप समजतात तो बिनपायाचा उभयचर प्राणी, आपल्याकडच्यांना फुफ्फुस असतं). राहिला होता बेडूक.

तो सापडला बोर्निओ बेटावर, इंडोनेशियाच्या बाजूला, कालिमंतानमध्ये. १९७८ ला पहिली नोंद झाली तीही एकाच नमुन्यावरून, नंतर कितीतरी वर्षं हातात जेमतेम दोनच बेडूक, मग ते कापून बघणार कोण? २००७ ला ताजे बेडूक मिळाले, ते उघडले, आणि २००८ ला जाहीर झालं की याला फुफ्फुस नाही. कारणंही पटण्यासारखी होती. पाणी थंड आणि वाहतं, म्हणजे त्यात ऑक्सिजन भरपूर, अंग चपटं म्हणजे कातडी जास्त, आणि फुफ्फुसात हवा असली की जोराच्या प्रवाहात तळाशी टिकणं अवघड. जगभर बातम्या झाल्या.

आणि २०२४ ला मायक्रो सीटी स्कॅनमध्ये (न कापता आतलं बारीकसारीक दाखवणारा एक्स-रे) याच बेडकाची फुफ्फुसं दिसली, त्यांच्याकडे जाणारं घशातलं छिद्रसुद्धा!

यावरून पहिल्या टीमला हसावं, हे मला तितकं पटत नाही. मुठीत मावणारा बेडूक, आतली फुफ्फुसं रिकामी असली की पातळ पापुद्रा, सुरीखाली सहज निसटणार. पण 'आम्हाला दिसलं नाही' आणि 'नाहीच आहे' यातला फरक तेव्हा पुसला गेला तो गेलाच, कारण गोष्ट फारच छान जुळत होती. थंड पाण्याचं ते सगळं लॉजिक अजूनही चुकीचं नाही बरं का, कातडीतून त्याला ऑक्सिजन मिळतोच, फक्त त्यावरून फुफ्फुस गायब करायची गरज नव्हती.

या भांडणात एक गोष्ट मागे पडली, ती २००८ लाच सांगितली गेली होती. हा बेडूक राहतो त्या नद्यांच्या काठी बेकायदा सोन्याच्या खाणी आहेत, पाणी गढूळ होतंय, त्यात पारा उतरतोय.