फोन भिजला तर तांदळात नको, चार्जिंगला तर नकोच

(जुना, वापरलेला मोबाईल असणाऱ्या आमच्या मालवण परिसरातील ग्राहकांसाठी)

जून लागला की चार्जिंगच्या पिनेत तांदळाचा दाणा अडकलेला फोन आमच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर येतोच. "तीन दिस तांदळात ठेवलंय, तरी चालू होवक नाय," हे वाक्य आता आम्हाला पाठ झालंय. तांदूळ उकडा असो की सुरय, फोनच्या आतलं पाणी तो ओढून घेत नाही. नुसता टेबलावर ठेवला असता तर जेवढा सुकला असता, तेवढाच तो डब्यात सुकतो. वर कोंडा आणि कणी आत जाते ती वेगळीच. फोन तांदळात ठेवू नका, असं ॲपल कंपनीनेही लिहून ठेवलंय. पण कणी आम्ही ब्रशने काढू शकतो. वाया गेलेले ते तीन दिवस परत आणता येत नाहीत.

फोन बंद केला तरी बॅटरी बोर्डाला, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीला, जोडलेलीच असते. बोर्डावर पाणी आणि त्यात वीज, म्हणजे तांब्याच्या बारीक रेषा आणि पिना खायला सुरुवात झाली. उघडल्यावर तिथे हिरवट-पांढरा थर दिसतो. पावसाचं पाणी त्या मानाने बरं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे वीज कुठूनही कुठे वाहते. पाणी सुकलं तरी मीठ आतच राहतं, आणि आपल्या दमट हवेत ते पुन्हा ओल धरतं. "भिजला होता, पण नंतर आठवडाभर छान चालला," असं म्हणत येणाऱ्या फोनांची गोष्ट ही अशी असते.

आता मुख्य मुद्दा. भिजलेला फोन "चालू होतोय का बघूया" म्हणून पाच मिनिटं चार्जिंगला लावला जातो. आमचा सगळ्यात जास्त वेळ आणि तुमचे सगळ्यात जास्त पैसे याच पाच मिनिटांत जातात. धुऊन सुटला असता असा बोर्ड शॉर्ट होतो, आणि मग कुठला आयसी, म्हणजे बोर्डावरची चिप, गेला ते शोधत बसावं लागतं. पिनेत ओल असल्याची सूचना देऊन काही फोन चार्जिंग थांबवतात, तर लोक दुसरी वायर लावून बघतात!

भिजल्याबरोबर फोन बंद करा. कव्हर काढा, सिमचा ट्रे बाहेर काढा. खारं पाणी असेल तर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसा आणि त्याच दिवशी घेऊन या. हेअर ड्रायर नको, चुलीपाशी ठेवणं नको, बटण दाबून बघणंही नको.

"पण हा तर वॉटरप्रूफ आहे," असं बरेच जण सांगतात. गणपतीला चाकरमानी मुलगा येतो, स्वतः नवा फोन घेतो आणि जुना आईबाबांना देऊन जातो. त्या फोनवरचं आयपी ६८ हे धूळ-पाणी आत न जाण्याचं, नव्या फोनला, प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यात मिळालेलं प्रमाणपत्र आहे. आतला गम काही वर्षांनी सुटू लागतो. मध्ये कुठे डिस्प्ले बदलला असेल आणि नवा गम लावला नसेल, तर पाण्याला दार उघडंच. आम्ही फोन उघडला की नवा गम लावूनच बंद करतो, तरी बिलावर 'वॉटरप्रूफ' लिहून देत नाही.

बॅटरीचंही तसंच. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्यांची क्षमता ५०० पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्के राहावी, असा कंपनीचाच हिशेब आहे. रोज पूर्ण चार्ज होणारा फोन हा आकडा दीड वर्षाच्या आत गाठतो. मागचं झाकण किंवा डिस्प्ले उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगलीय समजा. दाबून बसवू नका.

उघडून तपासायचे १५० रुपये घेतो, यावरून कुरकुर होते. कबूल आहे. पण न उघडता फोनवरून खर्च सांगणं म्हणजे कौल लावण्यासारखं आहे. दुरुस्ती करून घेतलीत तर ते पैसे बिलातून वजा होतात. भिजलेल्या बोर्डाची गॅरंटी आम्ही देत नाही. साफ करून चालू झाला की आधी फोटो आणि नंबर काढून घ्या, एवढं सांगतो. सुरू होताना लोगोवर अडकलेला जुना फोन हीट मारून, म्हणजे बोर्ड तापवून, चालू करून देणारे आहेत. आयसीखालचं सोल्डर, म्हणजे डाग दिलेला जोड, तेवढ्यापुरतं धरतं आणि पुन्हा सुटतं, म्हणून आम्ही त्याला दुरुस्ती म्हणत नाही.

आमच्याकडे विकायला असलेले जुने फोन आधी उघडून पाहिलेले असतात. पाणी लागलं की लाल होणारी आतली खूण तुमच्यासमोर दाखवतो. इतर ठिकाणी घेणार असाल तरी ती बघायला मागा, विकणाऱ्याचा चेहरा बरंच सांगून जातो. १ ऑगस्टला मासेमारी पुन्हा सुरू झाली की होडीवर जाणाऱ्यांनी झिपवाली पिशवी नक्की न्यावी. काउंटरवर मिळते, आमच्याकडून घेतलेल्या फोनासोबत पहिली फुकट.

बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते, पण भिजलेल्या फोनाला नंबर लावावा लागत नाही. पुढे येऊन "भिजलो" एवढंच सांगा.