‘नामांकन’ नक्की कोणाचं? ऑस्करवारीच्या गोंधळाची पार्श्वभूमी

२०२३च्या जानेवारीत ‘मी वसंतराव’ हा मराठी चित्रपट ऑस्करच्या यादीत आल्याची बातमी फिरली आणि मराठी माणसांनी ती एकमेकांना आनंदानं पाठवली. यादी खरी होती. फक्त तीत ३०१ चित्रपट होते. त्या वर्षी जे जे पूर्ण लांबीचे चित्रपट नियमात बसले, त्यांचा तो हजेरीपट होता. अमेरिकेतल्या ठरवून दिलेल्या सहा महानगरांपैकी एका ठिकाणी सलग सात दिवस तिकीट लावून खेळ झाले, अर्ज मुदतीत पोचला, की नाव चढतं. चित्रपट बरा की वाईट, हे तोवर कोणीही ठरवलेलं नसतं. त्याच यादीतल्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांनी आपला चित्रपट ‘शॉर्टलिस्ट’ झाल्याचं सांगून टाकलं, आणि मग दोन दिवस खुलाशांवर खुलासे होत राहिले.

नामांकनांचे अंदाज बांधायची हौस ज्यांना आहे, त्यांची पहिली अडचण हीच. अंदाज नक्की कशाचा बांधायचा? आपल्याकडे ‘नामांकन’ हा एकच शब्द चार वेगवेगळ्या पायऱ्यांना लावला जातो. पहिली पायरी वर सांगितलेल्या पात्रतेची. दुसरी म्हणजे परभाषिक चित्रपटांच्या स्वतंत्र विभागासाठी भारताची अधिकृत प्रवेशिका: दर वर्षी देशातर्फे एकच चित्रपट जातो आणि तो आपल्याच माणसांची समिती निवडते. तिसरी त्याच विभागातल्या पंधरा चित्रपटांची निवडयादी, जी डिसेंबरात येते. चौथी पायरी शेवटच्या पाच जणांची. पुरस्कार देणारी अकादमी फक्त या चौथ्या पायरीला नामांकन म्हणते. आपण मात्र दुसऱ्या पायरीवरच ‘ऑस्करसाठी नामांकन’ असा मथळा देऊन मोकळे होतो.

याला पत्रकारांचा आळस जबाबदार आहे, असं म्हणून सोडून देता येईल. पण माझ्या मते मूळ वेगळीकडे आहे. आपल्या सार्वजनिक जीवनात हा शब्द येतो तो निवडणुकीतून. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत नामनिर्देशनपत्र उमेदवार स्वतः भरतो, मिरवणूक काढून, कार्यकर्त्यांसह. म्हणजे मराठी कानाला नामनिर्देशन ही आपण करायची गोष्ट वाटते. ऑस्करमध्ये ती अकादमीच्या मतदारांनी द्यायची गोष्ट आहे. आपण अर्ज भरला की गुलाल उधळतो, कारण गुलाल तिथूनच उधळायची आपल्याला सवय आहे. त्यात काही वर्तमानपत्रं ‘मानांकन’ असंही छापतात. तो शब्द खरं तर प्रेशर कुकरवर किंवा हॉटेलच्या ताऱ्यांना शोभणारा. दुसरं कारण असं, की देशातल्या सर्वांत मानाच्या चित्रपट पुरस्कारांत, म्हणजे राष्ट्रीय पुरस्कारांत, नामांकन ही पायरीच नाही. थेट निकाल जाहीर होतो. पाच नावं समोर ठेवून महिनाभर वाद घालायचा, पैजा लावायच्या, हा खेळ तिथे खेळता येत नाही. तो आपण हिंदीतल्या झगमगत्या सोहळ्यांकडून शिकलो आणि ऑस्करला जसाच्या तसा लावला.

जुना इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. परभाषिक चित्रपटांना आधी सन्मान म्हणून गौरवलं जायचं. स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली ती १९५६च्या चित्रपटांपासून. पुढच्याच वर्षी भारतानं ‘मदर इंडिया’ पाठवला आणि तो थेट पाचांत गेला. पुरस्कार इटलीला मिळाला. एका मतानं हुकला, ही कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. नंतर १९८८चा ‘सलाम बॉम्बे’ आणि २००१चा ‘लगान’ पाचांत पोचले. बस्स, तीनच. जवळपास सत्तर वर्षांत तीन खरी नामांकनं, बाकी सगळ्या प्रवेशिका.

मराठीपुरता हा विषय सुरू होतो २००४मध्ये. ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाल्यावर मराठी चित्रपट त्या सर्वोच्च मानापासून पन्नास वर्षं लांब राहिला होता. ‘श्वास’नं तो दुष्काळ संपवला आणि काही महिन्यांतच भारताची प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. कोकणातले आजोबा, डोळ्याच्या कर्करोगानं दृष्टी जाणार असलेला नातू, शहरातलं इस्पितळ: इतक्या साध्या गोष्टीचा, तुटपुंज्या पैशांत केलेला चित्रपट. निवड झाली तेव्हा कळलं, की खरा खर्च पुढेच आहे. मतदारांसाठी खेळ लावायचे, तिथल्या चित्रव्यवसायाच्या नियतकालिकांत जाहिराती द्यायच्या, प्रसिद्धीचा माणूस नेमायचा, टीमनं तिथे राहायचं. मग वर्गणी सुरू झाली. राज्य सरकारनं पैसे दिले, कलावंतांनी दिले, नाटकाचे प्रयोग झाले, शाळेतल्या मुलांनी खाऊचे पैसे दिले. ‘ऑस्करवारी’ हा शब्द मराठीत घरोघर रुळला तो तेव्हापासून, आणि तो अगदी चपखल होता. वारीत पोचण्याचं महत्त्व, बक्षिसाचं नाही.

जानेवारी २००५मध्ये पाच नावं आली, त्यांत ‘श्वास’ नव्हता. ‘सहावा आला’ असं आजही ठासून सांगणारे भेटतात. अकादमी मतांची क्रमवारी कधीच जाहीर करत नाही, आणि तेव्हा मधली निवडयादीही नव्हती. म्हणजे सहावा की सोळावा, हे सांगायला काही आधारच नाही. तरीही या दंतकथेला मी हसत नाही. ज्यानं वर्गणी दिली, त्याला काहीतरी पावती हवीच ना.

त्यानंतर दोन मराठी प्रवेशिका. २००९मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. सप्टेंबरात निवड झाली तेव्हा बहुतेक मराठी प्रेक्षकांनी तो पाहिलेलाही नव्हता, कारण सर्वत्र प्रदर्शित झाला तो पुढच्या जानेवारीत. आणि २०१५मध्ये ‘कोर्ट’. माझ्या लेखी या तिघांत पाचांत जाण्याची खरी ताकद ‘कोर्ट’मध्येच होती. व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार घेऊन तो आला होता. एका लोकशाहिरावरचा खटला, कंटाळवाण्या तारखा, सरकारी वकीलबाईंचं लोकलमधलं आणि घरचं जगणं, हे सगळं जगात कुठेही कळणारं होतं. त्या वर्षीच्या निवड समितीतल्या एका सदस्यानं मतभेदांमुळे राजीनामा दिला, त्याचीच चर्चा जास्त झाली. पुढे ‘कोर्ट’ही नऊ जणांच्या निवडयादीत आला नाही. माझा अंदाज सपशेल चुकला.

ही निवडयादी आली २००६च्या चित्रपटांपासून. आधी नऊ नावं, मग २०१९मध्ये दहा, २०२०पासून पंधरा. २०१९मध्येच विभागाचं नावही बदललं. ‘परकीय भाषा’ गेलं आणि ‘आंतरराष्ट्रीय’ आलं. २००६मध्ये आणखी एक नियम सैल झाला, ज्याकडे आपलं लक्ष गेलं नाही: चित्रपट त्या देशाच्याच भाषेत हवा, ही अट गेली. लगेच काय झालं पाहा. भारताचा ‘रंग दे बसंती’ नवांतही आला नाही, आणि कॅनडानं पाठवलेला हिंदी ‘वॉटर’ पाचांत गेला. वाराणसीत ज्याचं चित्रीकरण बंद पाडलं गेलं आणि जो अखेर श्रीलंकेत पूर्ण झाला, तोच हा चित्रपट.

म्हणून भारतातल्या चित्ररसिकाला दोन परीक्षांचे अंदाज बांधावे लागतात. जानेवारीत हजारो परदेशी मतदारांचा, आणि त्याआधी सप्टेंबरात डझनभर देशी मंडळींचा. भांडणं सगळी सप्टेंबरातली. २००७मध्ये निवडीविरुद्ध एक दिग्दर्शिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०१३मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांच्या चुकलेल्या डब्यावरचा ‘द लंचबॉक्स’ सोडून गुजराती ‘द गुड रोड’ पाठवला गेला. ‘लंचबॉक्स’ला अमेरिकेत मातबर वितरक मिळालेला होता, ‘गुड रोड’चं नाव तिथे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. २०२२मध्ये सगळा देश ‘आरआरआर’ म्हणत असताना समितीनं गुजराती ‘छेल्लो शो’ निवडला. शिव्या खाल्ल्या, पण तो पंधरांत पोचला. ‘आरआरआर’नं स्वतःच्या बळावर सर्वसाधारण विभागांत अर्ज केला आणि गाण्याचा पुरस्कार आणला. समितीचं त्या वर्षी काही चुकलं, असं मला वाटत नाही.

२०२४चं मात्र वाटतं. ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ कान महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता, तीस वर्षांत तिथे पोचलेला पहिला भारतीय चित्रपट, आणि दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान घेऊन आला. मुंबईतल्या मल्याळी परिचारिका, त्यांच्या इस्पितळात स्वयंपाक करणारी कोकणातली बाई, घर सोडावं लागल्यावर गावी परतणं. मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणारा चित्रपट. एकोणतीस चित्रपटांतून समितीनं निवडला ‘लापता लेडीज’. तेरा जणांच्या समितीत एकही बाई नव्हती, आणि निवडपत्रात भारतीय स्त्रिया म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं अजब मिश्रण, अशा अर्थाचं वाक्य होतं. नंतर पदाधिकाऱ्यांकडून खुलासा आला, की ‘ऑल वी इमॅजिन’ पाहताना सदस्यांना भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहत असल्यासारखं वाटलं. रत्नागिरीचा समुद्रकिनारा युरोपीय कसा दिसतो, हे मला अजून उमगलेलं नाही. गंमत म्हणजे दोन्ही चित्रपटांत एकच मराठी अभिनेत्री आहे: एकात फलाटावर चहाची टपरी चालवणारी, दुसऱ्यात घर सोडून कोकणात निघालेली. निदान तिची ऑस्करवारी ठरलेलीच होती.

फ्रान्सनंही ‘ऑल वी इमॅजिन’चा विचार केला आणि शेवटी दुसरा पाठवला. डिसेंबरात पंधरा नावं आली, त्यांत ‘लापता लेडीज’ नव्हता. हिंदीतला, उत्तर भारतातल्या एका महिला हवालदाराची कथा सांगणारा ‘संतोष’ मात्र होता, ब्रिटनच्या नावावर. म्हणजे २००६चीच पुनरावृत्ती. त्या रात्रीही ‘भारतीय चित्रपट ऑस्करमधून बाहेर’ आणि ‘हिंदी चित्रपट ऑस्करमध्ये’ अशा दोन्ही बातम्या एकाच वेळी आल्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या.

२०२५ची प्रवेशिका ‘होमबाउंड’. कानला दाखवलेला, परदेशात चर्चा असलेला, म्हणजे आदल्या वर्षीच्या टीकेचा काहीतरी परिणाम झाला असावा. तो पंधरांत पोचला. निवडयादीची पद्धत आल्यापासून असा हा दुसराच भारतीय चित्रपट. त्याच वर्षी अकादमीनं आणखी एक नियम आणला: अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचं असेल, तर त्यातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले हवेत. इतकी वर्षं बहुतेक विभागांत ते न पाहताही मत देता येत होतं. २२ जानेवारी २०२६ला पाच नावं आली तेव्हा ‘होमबाउंड’ त्यांत नव्हता, आणि ज्यांनी सप्टेंबरातच त्याला ‘नामांकन मिळालं’ असं छापलं होतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी ‘नामांकन हुकलं’ असं छापलं.